अध्यक्षा बाहेर गेल्या

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी संशोधन अनुदान समितीच्या अध्यक्षा खुर्चीवरून उठल्या, चष्मा डबीत ठेवला आणि खोलीबाहेर गेल्या. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "सात नंबरच्या प्रस्तावात माझा हितसंबंध आहे. मी बाहेर थांबते." दार त्यांनी स्वतःच लावून घेतलं.

आत चार सदस्य उरले. टेबलाच्या टोकाला बसलेल्या सचिवांनी इतिवृत्तात नोंद केली : अध्यक्षा बाहेर गेल्या.

बाहेर भिंतीलगत एक लाकडी बाक होतं आणि त्याच्या शेजारी पिण्याच्या पाण्याचं यंत्र, जे मधूनमधून घुरघुरत असे. बाई बाकावर बसल्या. पाठ न टेकता, मांडीवर दोन्ही हात ठेवून. येणारे-जाणारे त्यांच्याकडे बघत, मान लववत आणि थोडं पुढे गेल्यावर एकमेकांकडे बघत. विद्यापीठात त्यांना पाठीमागे सगळे 'नियमबाई' म्हणत. यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीने नव्या वर्षाला पाठवलेली पेनांची डबी त्यांनी पोचपावती मागून परत केली होती, तेव्हापासूनचं हे नाव. त्यांच्या घरी चहा प्यायचा तर आधी घोषणापत्र भरून द्यावं लागतं, असा विनोद शिक्षकांच्या खोलीत इतका जुना झाला होता की आता त्यावर कोणी हसत नसे.

ज्या नियमाने त्या बाहेर आल्या होत्या, तो त्यांचाच होता. काही वर्षांपूर्वी एका विभागप्रमुखाने प्रयोगशाळेच्या सामानाचं कंत्राट आपल्या मेहुण्याला दिलं आणि ठराव झाला त्या बैठकीत स्वतः बसून राहिला. त्यावर बाईंनी नियम लिहिला : ज्या विषयात आपलं माणूस असेल, तो विषय निघाला की सांगायचं आणि उठून बाहेर जायचं. पुढे तीन वर्षांपूर्वी त्यांनीच दुसरा नियम आणला. अनुदानाच्या प्रस्तावांवरची नावं काढून टाकायची, प्रत्येकाला नुसता नंबर द्यायचा. कोणाचा प्रस्ताव कोणता हे फक्त सचिवांना ठाऊक. दोन्ही नियम एकमताने मंजूर झाले होते. दोन्ही चांगलेच होते. नावं झाकल्यापासून मात्र या समितीत कोणावरही उठून जायची वेळ आली नव्हती. आज पहिल्यांदा आली.

सात नंबरचा प्रस्ताव बाईंच्या भाचीचा होता. नाव झाकलेलं असलं तरी बाईंना तो पहिल्या ओळीत ओळखू आला. लिफ्टच्या आणि पुलांच्या पोलादी दोरखंडांना आतून गंज चढतो, आतल्या तारा एकेक करून तुटतात आणि वरून काही दिसत नाही. दोरखंडाला कान लावून तारा तुटण्याचा आवाज टिपायचा आणि दोर कधी जाईल ते आधीच सांगायचं, असं ते काम होतं. विद्यापीठात दुसरं कोणी हे करत नव्हतं. भाची चार वर्षं बाईंच्याच घरी राहत होती आणि जेवताना दुसरं काही बोलत नव्हती.

अनुदान वर्षाला एकच. ज्याला मिळेल त्याला दोन वर्षांचं पद आणि स्वतःची प्रयोगशाळा. भाचीचं सध्याचं तात्पुरतं काम महिनाअखेर संपत होतं. हे मिळालं नाही तर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीने तिला बोलावलं होतं. तिथे दोर ऐकायचे नव्हते, बदलायचे होते.

आतून एकदा हसण्याचा आवाज आला. मग खुर्च्या सरकल्या. अकरा चाळीसला सचिवांनी दार उघडलं.

"या, मॅडम."

बाई आत गेल्या. समोरच्या पडद्यावर गुणांचा तक्ता होता. सदस्यांनी घरून आधी दिलेले गुण एका रकान्यात, चर्चेनंतरचे शेजारच्या रकान्यात. आधीच्या रकान्यात तीन नंबरचा प्रस्ताव सगळ्यांत वर होता आणि सात नंबर कुठेतरी मध्यावर. शेजारच्या रकान्यात सात नंबर सगळ्यांत वर होता. चौघांनीही गुण बदलले होते.

बाईंना आनंद झाला. तो त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "आठ नंबर घेऊ या."

चहाच्या सुट्टीत सगळे शेजारच्या छोट्या खोलीत उभे होते. भौतिकशास्त्राचे ज्येष्ठ प्राध्यापक, ज्यांना सगळं विद्यापीठ तोंडावर 'आजोबा' म्हणे आणि ज्यांना ते आवडेही, कप घेऊन बाईंच्या शेजारी आले.

"बाई, आज बिस्किटं तुमच्याकडून."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? घरात शुभकार्य निघालंय."

"कोणाचा प्रस्ताव आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, सर. नावं झाकलेली आहेत."

आजोबा हसले. "नावं झाकलीत हो. तुम्ही चांगल्या उभ्या राहिलात ना पण. खरं सांगू? सात नंबर मी वाचून बाजूला ठेवला होता. दोराला कान लावून बसायचं, म्हटलं हे काय खूळ. मग तुम्ही उठलात. म्हटलं, बाईंच्या घरचं काम आहे, म्हणजे कच्चं नसणार. पुन्हा वाचला. चांगला आहे की."

"पुन्हा वाचला म्हणून चांगला वाटला, की मी उठले म्हणून?"

"आता ते कसं वेगळं काढू?" आजोबांनी बिस्किट चहात बुडवलं. "तुम्ही पण ना."

समितीचे उपाध्यक्ष, रसायनशास्त्राचे प्रमुख, ऐकत होते. त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, इतक्या वर्षांत तुम्ही कोणासाठी कधी शब्द टाकला नाहीत. आज एकदा उठलात. एवढं कळतं आम्हाला."

"मी शब्द टाकलेला नाही."

"तेच म्हणतोय ना मी."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते मनापासून आदराने बोलत होते. बाईंचे कान तापले. त्यांनी कप तसाच भरलेला खाली ठेवला, बशीवर बशी ठेवावी तसा अगदी सावकाश, आणि उरलेली बैठक चालवायला आत गेल्या. उरलेले प्रस्ताव त्यांनी कसे ऐकले ते त्यांना नंतर आठवत नव्हतं.

बैठक संपल्यावर त्या सचिवांच्या खोलीत गेल्या. सचिव पन्नाशीचे, सावध, एखादी गोष्ट विचारली की आधी चष्म्याची काच पुसणारे.

"निकाल कधी लागतो?"

"उद्या पाचला. तुमची सही, कुलगुरूंची सही, मग फलकावर."

"थांबवता येईल?"

सचिवांनी काच पुसली. "कोणत्या कारणाने?"

"मी बाहेर गेले त्या कारणाने."

"मॅडम, बाहेर गेल्याने काही थांबत नाही. आत बसून राहिलं तर थांबतं. तुम्हीच लिहिलंय."

"मी उठले म्हणून त्यांना कळलं, सात नंबर माझ्या घरचा आहे. त्यावरून गुण वाढले. आजोबांनी तोंडाने सांगितलं मला."

"ते चहाच्या खोलीत सांगितलं," सचिव म्हणाले. "बैठकीत सांगणार नाहीत. आणि समजा फेरबैठक घेतली. माणसं तीच. तुम्ही त्यांना म्हणणार, माझं मन राखायला तुम्ही गुण वाढवलेत. मग ते काय करतील? खाली आणतील. आधी होता त्याच्याही खाली. आपण कोणाचं मन राखत नाही हे दाखवायला." त्यांनी चष्मा लावला. "म्हणजे आज त्या प्रस्तावाला चढवलं, उद्या पाडतील. त्यात नेमकं काय आहे हे दोन्ही वेळा कोणी बघणार नाही."

बाईंना तीन नंबरचा प्रस्ताव आठवला. माशांच्या कानातल्या हाडांवरून नदीचं पाणी किती गरम होत गेलं ते काढायचं, असं त्यात होतं. नीटस, शांत लिहिलेला प्रस्ताव. त्यांनी स्वतः त्याला चांगले गुण दिले होते. तो कोणाचा होता, त्यांना ठाऊक नव्हतं. विचारावंसं वाटलं, पण तेवढं विचारायचं तोंड आता आपल्याला राहिलेलं नाही असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी घरी पोचून चप्पल काढतात तोच फोन वाजला. मोठ्या बहिणीचा, म्हणजे भाचीच्या आईचा. ताई दुसऱ्या गावी राहायची, बँकेत शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाली होती, आणि साठी ओलांडून गेल्यावरही धाकट्या बहिणीला 'चिमे' म्हणायची.

"काय गं चिमे, झाली का बैठक?"

"झाली."

"आणि?"

"ताई, मला सांगता येत नाही. आणि आपला विषय आला तेव्हा मी नव्हतेच. बाहेर जाऊन बसले होते."

"सगळ्यांदेखत उठलीस?"

"हो. नियम आहे."

ताईचा आवाज एकदम मऊ झाला. "बरं केलंस. आमच्या शाखेत मोठे साहेब असेच. एखादं कर्ज मंजुरीला आलं की म्हणायचे, 'यात माझं काही नाही हं, तुम्ही बघा,' आणि बाहेर जाऊन फिरून यायचे. आम्ही लगेच समजायचो, हे मंजूर करायचंय. ज्यात खरंच काही नसायचं तेव्हा कशाला उठतोय तो?"

"ताई, माझं तसं नव्हतं."

"अगं, मी कुठे काय म्हणतेय? चार वर्षं मी तुला फार बोलले. हिच्या ओळखीचा उपयोग काय, तर ओळख दाखवायची नाही, असं सगळ्यांना सांगत सुटले. तू पोरीला स्वतःच्या हाताखाली घेतलं नाहीस, कोणाला फोन केला नाहीस, तेव्हा माझं मन खट्टू झालं होतं. पण वेळेला उभी राहिलीस. तू वरून दाखवत नाहीस, तेवढंच."

"मी कोणासाठी उभी राहिले नाही."

"असू दे. मी कोणाला बोलणार नाही," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

बाई फोन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांना एवढे धन्यवाद कधी मिळाले नव्हते. एका दिवसात तीन माणसांनी दिले होते, आणि तिघांनाही वाटत होतं की त्यांनी काय केलं ते आपल्याला नीट कळलंय.

भाची गच्चीत होती. भंगारात काढलेल्या एका लिफ्टच्या दोराचा माणसाच्या उंचीएवढा तुकडा तिने वरच्या तुळईला बांधला होता आणि खाली सिमेंटचे ठोकळे टांगले होते. दोरावर बोटाएवढा मायक्रोफोन चिकटवलेला. हेडफोन गळ्यात, केस वर कसेतरी बांधलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"मावशी, ऐकायचंय? सकाळपासून दोन तुटल्या."

तिने हेडफोन बाईंच्या कानावर ठेवला. बराच वेळ नुसती घुं अशी शांतता. मग टेबलावर नख आपटावं तसा आवाज आला. टक्.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"तीन. आता बघ, हात लावून बघ, बाहेरून काही लागतंय का? काही नाही. वर ग्रीस, चकचकीत." ती खूश होती. हेडफोन परत घेत तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज होती ना तुमची बैठक?"

"होती."

"मला काही सांगू नकोस हं. फक्त एवढं सांग, माझ्या वेळी तू बाहेर गेलीस ना?"

"गेले."

"मग बरं. मला उगाच धास्ती होती की कोणी नंतर म्हणेल, मावशी बसली होती म्हणून..." ती एकदम थांबली. तिचं बोट दोरावरच होतं. "पण नावं नसतात ना प्रस्तावांवर?"

"नसतात."

"मग तू बाहेर कशी गेलीस? म्हणजे, काय सांगून?"

"सात नंबरमध्ये माझा हितसंबंध आहे, असं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

भाचीने बोट काढून घेतलं. बोटाला ग्रीस लागलं होतं, ते तिने बघितलं, फडक्याला पुसलं, पुन्हा बघितलं. "मी महिन्यापूर्वीच तुला सांगितलं होतं, मी अर्ज करतेय. तेव्हाच का नाही समितीतून बाहेर पडलीस?"

"नियमात दोन्ही चालतं. यंदापुरतं समितीतून निघायचं, किंवा त्या विषयापुरतं उठायचं."

"मी नियमाचं नाही विचारत."

"मग?"

"उठताना तुला ठाऊक होतं का, की त्यांना कळेल?"

याचं उत्तर 'नाही' असं असायला आणि लगेच यायला हवं होतं. बाई म्हणाल्या, "काळोख पडायला लागलाय. दिवा लाव गच्चीतला."

भाचीने दिवा लावला. परत येऊन ती ठोकळ्यांशेजारी उकिडवी बसली.

"आधी मी कितवी होते?"

"ते मी तुला सांगू शकत नाही."

"ते सांगू शकत नाहीस," भाची म्हणाली. कुचकेपणाने नाही, नुसतं जसंच्या तसं. मग तिने हेडफोन कानावर चढवले, आणि बाईंना पुढे काही बोलायचं असतं तरी तिला ऐकू आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बाई कुलगुरूंना भेटल्या. कुलगुरू मूळचे शल्यचिकित्सक. समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत मध्ये न बोलण्याची त्यांना सवय होती. बाईंनी सगळं सांगितलं : उठणं, आजोबांचं बोलणं, गुणांचे दोन रकाने.

"यात तुमचं चुकलं काय?" कुलगुरू म्हणाले. "तुम्ही नियम पाळलात."

"नियम पाळला म्हणूनच हे झालं."

"दोन नियम एकमेकांच्या आड आले. मान्य. ते सुधारू. पुढच्या वर्षीपासून ज्याचं माणूस अर्जदार असेल त्याने अख्ख्या बैठकीला यायचंच नाही. म्हणजे कशावरून कशाची खूण पटायला नको."

"मी पुढच्या वर्षीचं म्हणत नाही, सर."

"यंदाचं म्हणाल तर हा अपघात आहे. तुम्हाला सुचलं नाही. मला सुचलं नाही. नियम एकमताने मंजूर करणाऱ्या साठ माणसांना सुचलं नाही."

दार उघडं होतं. त्यातून निघून जायचं एवढंच बाकी होतं. विद्यापीठातल्या सगळ्यांत समंजस माणसाने ते स्वतः उघडून धरलं होतं.

"मला सुचलं होतं," बाई म्हणाल्या.

कुलगुरूंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"भाचीने सांगितलं तेव्हाच मी समितीतून निघणार होते. मग मनात आलं, मी निघाले तर अध्यक्षपद उपाध्यक्षांकडे जाईल. त्यांना हा विषय हास्यास्पद वाटतो, मागे एका व्याख्यानानंतर ते तसं बोललेही होते. म्हटलं, मी खोलीत असले तर निदान कोणी तिची टिंगल करणार नाही. म्हणून राहिले. स्वतःला सांगितलं, नियमात बसतं." बाई थांबल्या. पुढचं सांगताना त्यांची नजर टेबलाच्या कडेवर होती. "काल दाराच्या कडीवर हात ठेवला तेव्हा मनात आलं, आता यांना कळलं. आणि मला बरं वाटलं. मी दार लावून घेतलं. बाहेर ताठ बसले. येणारे-जाणारे मला बघतायत, याचंही बरं वाटत होतं."

कुलगुरूंनी खाली ठेवलेलं पेन बाजूला सरकवलं.

"हे मला सांगायलाच हवं होतं का?" कुलगुरूंनी विचारलं.

"हो."

"तुम्ही महिन्यापूर्वी आला असतात तर मी एका ओळीत दुसरं नाव घातलं असतं."

"हो, सर."

"आता मला काहीतरी करावं लागेल." ते चिडले नव्हते. थकल्यासारखे दिसत होते, आणि त्याचं बाईंना जास्त लागलं. त्यांनी सचिवांना फोन लावला. चारला तातडीची बैठक, अध्यक्षांवाचून. प्रश्न एकच : कालचा निर्णय कायम ठेवायचा, की सगळे प्रस्ताव बाहेरच्या विद्यापीठांतल्या परीक्षकांकडे पाठवायचे. बाहेर पाठवले तर निकालाला चार-पाच महिने. तोवर भाचीचं काम संपलेलं असेल आणि लिफ्टवाले थांबणार नव्हते. माशांच्या हाडांवाल्या त्या अनोळखी माणसाचंही काय असेल ते असेल. तेही थांबलेलंच कुणीतरी असणार.

जिन्यात सचिव भेटले.

"सात नंबर सकाळी येऊन गेली," ते म्हणाले.

"काय म्हणाली?"

"मॅडम, उमेदवार काय म्हणाली ते मी तुम्हाला सांगायचं?"

बाईंनी जीभ चावली. "नको. चुकलं माझं."

सचिव दोन पायऱ्या खाली उतरले, मग वळले. "नियम विचारून गेली, एवढं सांगतो. नियम काय, कोणालाही सांगता येतो. फलकावर निकाल लागायच्या आधी प्रस्ताव मागे घेता येतो का, एवढंच."

"येतो?"

"येतो. कारण द्यावं लागत नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला. अगदी खरोखर, छातीवरचं काही उचललं जावं तसं हलकं वाटलं. तिने मागे घेतला की बैठकीला विषयच उरत नाही. अनुदान तीन नंबरला जाईल, जिथे ते आधी जात होतं. आजोबांना कोणी काही विचारणार नाही, इतिवृत्तात फक्त 'अध्यक्षा बाहेर गेल्या' एवढंच राहील, आणि ते खरंच आहे.

मग त्यांना कळलं की आपल्याला हलकं कशाने वाटलं. पोरीने सगळं सोडून द्यावं, म्हणजे मावशीची अब्रू राहील. त्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. काल त्यांनी तिला न मागता काहीतरी देऊन टाकलं होतं आणि आज तिच्याकडून न बोलता काहीतरी मागत होत्या. दोन्ही वेळा त्या मोकळ्या आणि पोरगी अडकलेली. पर्समधला फोन वाजत होता. ताईचा होता. त्यांनी घेतला नाही.

चारला चौघे सदस्य आत गेले. आजोबा जाताना बाईंसमोर थांबले, काही बोलायचं होतं त्यांना, पण 'बाई' एवढं म्हणून ते आत गेले. रसायनशास्त्राच्या प्रमुखांनी मान लववली नाही. दार बंद झालं. बाई बाकावर बसल्या. आज त्यांनी पाठ टेकली होती.

थोड्या वेळाने भाची आली. आज दोन्ही चपला एकाच जोडाच्या होत्या. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"तू कशी काय इथे?" बाईंनी विचारलं.

"बोलावलंय. माझं म्हणणं ऐकायचंय, साडेचारला आत घेतील म्हणाले."

पाण्याचं यंत्र घुरघुरलं आणि थांबलं.

"रात्री पाच तुटल्या," भाची म्हणाली. "एकूण आठ. दोर अजून धरून आहे."

"झोपली नाहीस?"

"तू कुठे झोपलीस? दोनदा पाणी प्यायला उठलीस. ऐकलं मी." ती किंचित हसल्यासारखी झाली, मग तिने तोंड फिरवलं. "आईचा फोन आला होता. म्हणाली, मावशीचे पाय धर. मी म्हटलं, बघते."

बाईंनी मान खाली घालूनच विचारलं, "तू मागे घेणार आहेस?"

"तुला काय वाटतं, घ्यावा?"

बाईंनी तोंड उघडलं. घे म्हणावं तर ते त्यांच्या सोयीचं होतं. घेऊ नकोस म्हणावं तर ते काल दाराच्या कडीवर हात ठेवताना जे मनात होतं तेच पुन्हा होतं. तिसरं काही त्यांना सापडेना. चार वर्षं ज्या मुलीला त्यांनी जेवताना ऐकलं होतं, तिचं काम खरंच पहिल्या नंबराचं आहे की नाही, हेसुद्धा त्यांना प्रामाणिकपणे सांगता आलं नसतं. ते त्यांनी कधी परक्या डोळ्याने वाचलंच नव्हतं. आता दुसरंही कोणी वाचू शकणार नव्हतं, निदान या इमारतीत.

"मी यात काही बोलणं बरोबर नाही," त्या म्हणाल्या.

"हो," भाची म्हणाली. "तू बाहेरच आहेस ना."

साडेचारला दार उघडलं. सचिव दारात उभे राहिले. आतल्या सगळ्यांना आता तिचं नाव ठाऊक होतं, बाहेर बसलेल्या दोघींनाही ठाऊक होतं, पण कागदावर ते अजून झाकलेलंच होतं. सचिवांनी चष्म्याची काच पुसली आणि हाक मारली, "सात नंबर."

भाची उठली. आत जाताना तिने मागे बघितलं नाही. दार तिने स्वतःच लावून घेतलं.

पाचला निकाल लागायचा होता. पावणेसहापर्यंत फलकावर काही लागलेलं नव्हतं. खोलीचं दार बंद होतं, आतून हसण्याचा किंवा मोठ्याने बोलण्याचा आवाज आलेला नव्हता. बाई बाकावर बसलेल्या होत्या.